कर्नलची ड्रायव्हर

आमच्या बाई राउंडअबाउटला नेहमी दोन फेऱ्या मारायच्या. इंग्लंडमधल्या मिल्टन कीन्समध्ये अशा गोल चौकांना तोटा नाही, त्यामुळे दूध आणायला निघालो की आमचा निम्मा प्रवास गोल गोल फिरण्यातच जायचा. पहिल्यांदा त्यांच्या गाडीत बसले तेव्हा मला वाटलं, वयोमानाने वळण चुकलं असेल. पुढच्या राउंडअबाउटलाही तेच झालं. मग मात्र मला राहवेना.

"काही चुकलं का?"

"नाही गं. ती करडी गाडी आपल्यामागे येते आहे की तिला खरंच तिकडे जायचंय, ते बघत होते."

करडी गाडी केव्हाच निघून गेली होती. बाई समाधानाने म्हणाल्या, "नव्हती आपल्यामागे," आणि आम्ही दूध आणायला गेलो.

तेव्हा त्यांनी ऐंशी ओलांडली होती. ऐंशीच्या बाईच्या मागे कोण कशाला येईल, हा प्रश्न मी गिळला. तोपर्यंत मी त्यांच्या माडीवरच्या खोलीत राहायला येऊन महिनासुद्धा झाला नव्हता आणि मिल्टन कीन्समध्ये नोकरीच्या जवळ, एकट्या मुलीला, स्वयंपाक करू देणारी खोली मिळणं सोपं नव्हतं.

ती खोलीही मला अजब रीतीने मिळाली होती. मी पुण्याहून एका सॉफ्टवेअर कंपनीच्या कामावर आले होते. पगाराची स्लिप, कंपनीचं पत्र, सगळं फाइलीत लावून नेलं. बाईंनी फाइल हातात घेतलीच नाही. मला दिवाणखान्यात बसवलं आणि म्हणाल्या, "डोळे मिट. आत येताना काय काय पाहिलंस ते सांग."

मी घाबरून डोळे मिटले. "छत्री होती. पुरुषाची हॅट होती. आणि एक मेलेलं झाड, कुंडीत."

"झाड मेलेलं नाही. बाकी बरोबर. खोली तुझी."

हॅट त्यांच्या नवऱ्याची होती. ते जाऊन बरीच वर्षं झाली होती.

मी त्यांना समोर मिसेस लावून आडनावाने हाक मारायचे. घरी फोनवर बोलताना मात्र "आमच्या घरमालकीणबाई" असा उल्लेख असायचा, आणि त्याचं हळूहळू नुसतं "बाई" झालं. एकदा फोन ठेवल्यावर त्यांनी विचारलं, "हे बाई म्हणजे मीच ना? अर्थ काय?" मी म्हटलं, कुठल्याही स्त्रीला म्हणतात, आणि शाळेतल्या शिक्षिकेलाही म्हणतात. त्यांनी जरा विचार केला. "म्हणजे नाव नाही, पत्ता नाही, फक्त थोडा मान आहे. मला चालेल." तेव्हापासून त्या माझ्या तोंडावरही बाई झाल्या. त्या अर्थातच इंग्रजीत बोलायच्या. मला मात्र त्यांचं बोलणं आता मराठीतच आठवतं.

कागदावर त्यांचा भारी राग. दुकानातून काय आणायचं ते लिहून ठेवायच्या नाहीत, पत्र आलं की वाचून फाडायच्या, कॅलेंडरवर डॉक्टरांची तारीखसुद्धा नाही. सगळं डोक्यात. "कागदासारखा फितूर कोणी नाही," म्हणायच्या. "ज्याच्या हातात जाईल त्याला सगळं सांगून टाकतो." रेस्टॉरंटमध्ये गेलो की भिंतीला पाठ लावून, दाराकडे तोंड करून बसायच्या. आणि मला त्या खुर्चीत बसायची हौस आली तर गंभीरपणे म्हणायच्या, "बस. पण मग आत कोण येतंय ते मला सांगत राहायचं. मोठ्याने नाही."

दुसरी सवय जास्त त्रासाची होती. मी कोणाचंही कौतुक केलं की बाई त्या माणसाचे दोष काढायच्या, आणि कोणाविषयी कुरकुर केली की त्याची वकिली करायच्या. माझा मॅनेजर एकदा मीटिंगमध्ये माझ्यावर खेकसला. मी घरी येऊन तासभर त्याच्या नावाने बोटं मोडली. बाई ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, "तुझ्या व्हिसाच्या वेळी हाच चार लोकांशी भांडला होता ना?" भांडला होता. पुढे त्याच मॅनेजरने मला बढती दिली, मी केक घेऊन घरी आले आणि त्याची स्तुती सुरू केली, तर केकचा तुकडा तोंडात टाकत बाई म्हणतात, "तोच ना, जो बायकांवर खेकसतो?"

"बाई, तुम्हाला नक्की काय म्हणायचं असतं?"

"जे तू विसरतेस, ते."

त्या कोणाच्या ड्रायव्हर होत्या, हे मला त्यांच्याकडून नव्हे, घरी आलेल्या एका तरुण प्राध्यापकाकडून कळलं. तो फुलांचा मोठा गुच्छ घेऊन आला होता. दुसऱ्या महायुद्धात शत्रूच्या ताब्यातल्या देशांत गुपचूप माणसं उतरवायची, पूल उडवायचे, रेल्वेगाड्या रुळांवरून घसरवायच्या, तिथल्या लोकांना लढायला उभं करायचं, असं काम करणारी एक गुप्त संघटना इथे होती. तिचा कारभार ज्या माणसाच्या हातात होता, त्याचं चरित्र हा प्राध्यापक लिहीत होता. आणि आमच्या बाई विशीत असताना त्या माणसाची गाडी चालवायच्या. तो पुढे बराच वर चढला, पण बाईंच्या तोंडी तो शेवटपर्यंत कर्नलच राहिला.

प्राध्यापक कर्नलवर लट्टू होता. धाडस, दूरदृष्टी, असे शब्द त्याच्या तोंडून सुटत होते. बाईंनी त्याला चहा दिला आणि सांगायला लागल्या. कर्नल भयंकर तापट. चहा सांडला म्हणून एका मुलीला त्याने दुसऱ्या दिवशी बदलून टाकलं. वरच्यांसमोर आपली चूक कबूल करायची वेळ आली की त्याला अचानक दुसरं काम आठवायचं. बुटांच्या चकाकीत त्याचा किती वेळ जायचा, हे तर त्यांनी उभं राहून, वाकून, नक्कल करून दाखवलं. प्राध्यापकाचा चेहरा हळूहळू उतरत गेला. जाताना तो फुलं तिथेच ठेवून गेला एवढंच.

पुढच्या वर्षी टीव्हीवाल्या एक बाई आल्या. त्यांच्या मते कर्नल म्हणजे कोवळ्या पोरापोरींना मरायला पाठवणारा निष्ठुर माणूस. आमच्या बाईंनी त्यांनाही चहा दिला. मग सांगितलं, की ज्याला पाठवायचं त्याच्या आईचं नाव कर्नलला पाठ असायचं. एकाची बायको गरोदर आहे हे कळल्यावर त्याने ऐनवेळी त्याला विमानातून उतरवलं आणि वरून बोलणी खाल्ली. माणूस गेल्याची बातमी आली की त्या दिवशी तो जेवायचा नाही, गाडीत बसून नुसतं "चालव" म्हणायचा. टीव्हीवाल्यांनी निघताना कॅमेरा न उघडताच परत गाडीत ठेवला.

मी कप उचलत विचारलं, "बाई, यातलं खरं काय?"

"दोन्ही. त्या दोघांकडे अर्धं अर्धं आधीच होतं. मी उरलेलं दिलं."

त्या इतकी वर्षं गप्प होत्या याचं कारण साधं होतं. एकोणिसाव्या वर्षी त्यांनी कुणाला काही सांगणार नाही अशा शपथेवर सही केली होती. ती त्यांनी इतकी पाळली, की चाळीस वर्षं संसार केलेला नवरा, युद्धात आपली बायको अन्नखात्यात बटाट्यांच्या कोणा अधिकाऱ्याची गाडी चालवत होती, हे समजूनच गेला. "त्यांना बटाटे फार आवडायचे," बाई एकदा म्हणाल्या. "लग्नात त्यांच्या भावाने त्यावरून भाषण केलं होतं." आणि हसल्या. पुढे सरकारने ते सगळं उघड केलं, कागदपत्रं बाहेर आली, इतरजण मुलाखती देऊ लागले. तरी बाईंची जीभ सुटायला वेळ लागला. ज्याला सांगायचं तोच राहिला नव्हता, असं मला वाटतं. त्या तसं कधी म्हणाल्या नाहीत.

मग पाटीचं प्रकरण आलं.

आमच्या गावापासून अर्ध्या तासावर एक जुनी हवेली आहे. आता तिथे लग्नं आणि कॉन्फरन्स होतात. युद्धात ती कर्नलच्या संघटनेकडे होती. माणसं तिथे शेवटचे काही दिवस राहायची आणि तिथून विमानतळावर जायची. तिथल्या इतिहासप्रेमी मंडळाने हवेलीच्या भिंतीवर कर्नलच्या नावाची, इथे थोरांच्या स्मरणार्थ लावतात तशी, निळी गोल पाटी लावायचं ठरवलं. मंडळाचे सेक्रेटरी, एक निवृत्त बँक मॅनेजर, अगदी सज्जन माणूस, बाईंना पडदा ओढायचं आमंत्रण द्यायला आले. बाई नाही म्हणणार, याची मला खात्री होती.

"येईन," बाई म्हणाल्या. "दोन वाक्यं बोलले तर चालेल?"

"अहो, दहा बोला की!"

"दोनच."

तोवर त्यांची नजर अधू झाली होती आणि लायसन्स त्यांनी स्वतःहून परत केलं होतं. गाडी मी चालवली. राउंडअबाउटला मी एकच फेरी मारली की त्या आरशाकडे मान वळवायच्या.

हवेलीच्या हिरवळीवर खुर्च्या मांडल्या होत्या. चहा, सँडविच, छातीवर पदकं लावलेले म्हातारे. कर्नलचा नातू आला होता, पन्नाशीचा, जरा लाजराच. बाईंना मी पहिल्या रांगेत बसवलं. त्यांनी खुर्ची भिंतीकडे सरकवून घेतली. तेवढ्यात मागून एक स्त्री आली. सत्तरी ओलांडलेली, साधा रेनकोट, हातात पर्स घट्ट धरलेली. तिला आमंत्रण नव्हतं. पेपरात बातमी वाचून ती कार्डिफहून एकटी ट्रेनने आली होती.

"तुम्ही त्यांच्या ड्रायव्हर होतात ना?" ती म्हणाली. "मी नर्स होते, रिटायर झाले. माझी आई इथून गेली होती. मला एकच विचारायचंय. त्यांना माहीत होतं का?"

बाईंनी विचारलं, "आईचं नाव?"

तिने सांगितलं. बाईंचा हात माझ्या मनगटावर होता, तो एकदम आवळला गेला.

"बस," त्या म्हणाल्या. "माझ्या शेजारी बस. तुझ्या आईला विमानतळावर मीच सोडलं होतं."

नंतर जे बोलणं झालं त्याच्या मी इतक्या जवळ होते की उठून जाणं बरं दिसलं असतं. पण बाईंनी माझं मनगट सोडलं नाही.

"तिला गाडी लागायची," बाई सांगू लागल्या. "म्हणून ती मागे न बसता माझ्याजवळ पुढे बसली. वाटेत गाडी थांबवून कुंपणाआड जाऊन आली आणि हसत सुटली, म्हणाली, पॅराशूटने उडी मारायला निघालेय आणि मोटारीने ओकतेय. मग तिने मला दोन बोटं तोंडात घालून शिटी वाजवायला शिकवलं. विमानतळ येईपर्यंत मी वाजवत होते. पहारेकरी चिडला होता."

कार्डिफच्या बाईंनी विचारलं, "आईला शिटी वाजवता यायची?"

"रेल्वेच्या गार्डसारखी."

ती हसली आणि तिचे डोळे भरून आले. सत्तर वर्षांत तिला आईविषयी कोणी कौतुकाशिवाय काही सांगितलं नव्हतं. शूर होती, देशासाठी गेली, यापलीकडे काहीच नाही. आई जमिनीवर उतरली तेव्हा शत्रू तिची वाटच बघत होता, आणि छावणीतून ती परत आली नाही, एवढं तिला माहीत होतं. तिथल्या आपल्या माणसाचा वायरलेस शत्रूने आधीच हस्तगत केला होता आणि त्याच्या नावाने खोटे संदेश पाठवत होता. खऱ्या संदेशात मुद्दाम एक ठरलेली चूक असायची. या संदेशांत ती नव्हती.

"ती चूक नाही, हे कोणीतरी त्यांना सांगितलं होतं," ती म्हणाली. "मी वाचलंय. मला तुमच्याकडून ऐकायचंय."

बाई म्हणाल्या, "सांगितलं होतं. त्याला संशय आला होता. पाठवणं थांबवावं तर तिकडे वाट बघणारे लोक एकटे पडतील, असं त्याला वाटलं. आणि थांबवलं तर आधीची माणसंही आपण शत्रूच्या हातात दिली, हे वरच्यांना सांगावं लागलं असतं. तेही त्याला नको होतं. दोन्ही कारणं होती. त्याने तिला पाठवलं."

"हे तुम्हाला तेव्हा माहीत होतं?"

"नाही. युद्ध संपल्यावर कळलं. त्यानेच सांगितलं, गाडीत. तुमच्या घराबाहेर."

"आमच्या?"

"गेलेल्या माणसांच्या घरी तो स्वतः जायचा. कोणी जा म्हटलं नव्हतं. मी न्यायचे. काही घरांतून शिव्या खाऊन यायचा, काही ठिकाणी लोक त्याला जेवू घालायचे, आणि मला वाटतं ते त्याला जास्त जड जायचं. कार्डिफला तुमच्या गल्लीत गाडी उभी केली. फुटपाथवर एक लहान मुलगी एका पायावर उड्या मारत होती. तो तिच्याकडे बघत बसला. मग मला ते सगळं सांगितलं. आणि म्हणाला, चल. मी गाडी सुरू केली. तेवढं एकच घर राहिलं."

कार्डिफच्या बाई पर्सचा बंद बोटाभोवती गुंडाळत राहिल्या. मग म्हणाल्या, "मला गाडी आठवत नाही."

"नाही आठवणार. तू खेळत होतीस."

सेक्रेटरी जवळ येऊन उभे होते. त्यांनी थोडंफार ऐकलं असावं, कारण त्यांचा चेहरा पडला होता. "आज नको ना," ते हळूच म्हणाले. "नातू आलाय त्यांचा."

बाई माझा हात धरून उठल्या. माइक त्यांनी बाजूला केला. त्यांचा आवाज अजून खणखणीत होता.

"मी दोन वाक्यं बोलणार आहे," त्या म्हणाल्या. "या माणसाने आपल्याला युद्ध जिंकायला मदत केली, आणि त्याच्याशिवाय आज इथे बसलेले काहीजण जन्माला आले नसते. या माणसाने, संशय असूनही, या बाईच्या आईला मरायला पाठवलं, आणि मग तिच्या दारापर्यंत जाऊन परत आला." त्या थांबल्या. लोक पुढचं ऐकायची वाट बघत होते. "झालं. आता घरी जाऊन या दोन वाक्यांच्या मधे कोणीही 'पण' घालू नका. 'पण' घातलं की पहिलं वाक्य पुसलं जातं. मी कधी या बाजूने, कधी त्या बाजूने घालून बघितलंय. मधे पूर्णविराम द्या."

आणि त्यांनी पडदा ओढला.

टाळ्या वाजल्या नाहीत. वाजवायच्या की नाही हे कोणाला कळेना. कर्नलचा नातू उठला. तो बाईंकडे येईल असं मला वाटलं होतं. तो कार्डिफच्या बाईंकडे गेला आणि त्यांच्यासमोर नुसता उभा राहिला. त्यांनीच शेवटी त्याला विचारलं, "चहा कुठे मिळतो इथे?" तो धावतच गेला. नंतर ते दोघं हिरवळीच्या टोकाला बरोबर बसलेले दिसले. दोनेक वर्षांनी त्या भिंतीवर दुसरी पाटी लागली. त्या घरातून गेलेल्या आणि परत न आलेल्या सगळ्यांची नावं तिच्यावर आहेत. मंडळ, कौन्सिल, हॉटेल, सगळीकडे खेटे घातले ते त्या नातवाने.

घरी येताना, गावाजवळ आल्यावर, बाईंनी एकाएकी दोन बोटं तोंडात घातली आणि जोर लावला. नुसती हवा. पुन्हा लावला, तर कवळीच हलली. मला हसू आवरेना, त्यांनाही. मी गाडी कडेला घेतली. आम्ही दोघी हसत होतो आणि मधेच माझ्या लक्षात आलं, की त्या आता हसत नव्हत्या. त्यांनी रुमाल मागितला, तो दिला.

आता माझ्या बाबांविषयी सांगायला हवं, कारण बाईंचं ऋण मला खरं तिथे आहे.

बाबा नांदेडला कॉलेजात शिकवायचे आणि उरलेला सगळा जीव चळवळीला द्यायचे. खेड्यापाड्यांतल्या, वस्त्यांतल्या मुलांसाठी त्यांनी वसतिगृह काढलं, मोर्चे काढले, जेलमध्ये गेले. त्या वसतिगृहातली मुलं आज डॉक्टर आहेत, तहसीलदार आहेत, काही इथे बर्मिंगहॅमला हॉस्पिटलात आहेत. ती सगळी त्यांना बाबा म्हणत. घरी मात्र बाबा पाहुण्यासारखे यायचे. मी शाळेत होते तेव्हा आईचं मोठं ऑपरेशन झालं. बाबा दुसऱ्या जिल्ह्यात धरण्यावर होते. निरोप गेला होता. ते आले नाहीत. आईच्या उशाशी मी होते. आईने त्यावर कधी अवाक्षर काढलं नाही, आणि मी त्यांच्याशी मनातून बोलणं टाकलं.

ते गेले तेव्हा मी जाऊन आले. घर माणसांनी भरलं होतं. जो तो आईला सांगत होता, ताई, रडू नका, केवढ्या मोठ्या माणसाची तुम्ही सोबत केलीत. आई रडली नाही. मी परत आल्यावर बर्मिंगहॅमच्या विहारातल्या मंडळींनी अभिवादनसभा ठेवली. तिथल्या एका ताईंचा फोन आला. त्यांचा नवरा बाबांच्याच वसतिगृहात वाढलेला.

"जयभीम गं. तू बोलायचंस हं सभेत. लेक आहेस त्यांची."

"ताई, मला नको. मला खोटं बोलता येणार नाही."

"खोटं कशाला? त्यांच्यात खोटं सांगण्यासारखं होतं काय?"

मी फोन ठेवून खाली आले आणि बाईंना पहिल्यांदाच सगळं सांगितलं. धरणं, ऑपरेशन, सगळं. माझी अपेक्षा होती की त्या नेहमीप्रमाणे उलट बाजू घेतील, बाबांची वकिली करतील. त्यांनी काहीच बाजू घेतली नाही. फक्त म्हणाल्या, "मी येते तुझ्याबरोबर. मला भाषा कळणार नाही, म्हणजे तू काय बोललीस ते मला कधी कळायचं नाही. तेवढं तरी सोपं होईल."

नव्वदीतल्या त्या बाई व्हीलचेअरवर बसून, पांढरा स्कार्फ गुंडाळून विहारात आल्या. त्रिसरण-पंचशील झालं तेव्हा सगळ्यांबरोबर हात जोडून बसल्या. नांदेडला आई फोनवर होती. ताईंच्या मुलीने फोन माइकजवळ धरून ठेवला होता. आधीच्या वक्त्यांनी बाबांना आभाळाएवढं केलं. मग मी उभी राहिले.

मी म्हणाले, "माझ्या वडिलांनी शेकडो मुलांना शिकवलं, त्यांतले काही समोर बसलेत, आणि ते नसते तर मीही इथवर आले नसते. माझ्या आईच्या ऑपरेशनला ते आले नाहीत, निरोप मिळूनही, आणि त्याबद्दल ते तिच्याशी कधी बोलले नाहीत." आणि मी खाली बसले.

मला वाटलं, आता कोणीतरी उठून मला सुनावणार. ताईंचे यजमान उठले, सर्जन माणूस. म्हणाले, "त्या धरण्यावर मी होतो. आमच्या वसतिगृहाच्या जागेचंच धरणं होतं ते. आईंचं असं काही आहे, हे बाबांनी आम्हाला सांगितलंच नाही. आम्ही त्यांना पाठवलं असतं." आणि ते खाली बसले.

ताईंची मुलगी फोन घेऊन माझ्याकडे आली. इथेच जन्मलेली, मराठी बोलताना अडखळते. "मावशी, तुमची भाषण खूप छान होता," ती म्हणाली. "आजी फोनवर आहे. ती, आय थिंक, क्राय करते."

मी फोन कानाला लावला. आई खरंच रडत होती. बाबा गेल्यापासून पहिल्यांदा. रडतच म्हणाली, "ऑपरेशनचं बोललीस ते बरं केलंस. मला वाटायचं ते फक्त मलाच आठवतंय." आणि मग, नाक ओढत, "फार चांगला माणूस होता गं."

परतताना एम-वन हायवे लागल्यावर बाईंनी विचारलं, "आई काय म्हणाली?" मी इंग्रजीत सांगितलं. त्या म्हणाल्या, "तिला इकडे बोलव. उन्हाळ्यात. थंडीत नको, मी असेन की नाही."

आई आली. बाईंना मराठी येत नव्हतं, आईला इंग्रजी येत नव्हतं. पहिले दोन दिवस मी ऑफिसमधून दुपारी फोन करून विचारायचे, कसं चाललंय? आई म्हणायची, "आम्हाला काय धाड भरलीय? तू तुझं काम कर." तिसऱ्या की चौथ्या दिवशी मी लवकर घरी आले. किल्लीने दार उघडलं तर स्वयंपाकघरातून आवाज येत होते. दोघी टेबलाशी समोरासमोर बसून मटार सोलत होत्या. आई सांगत होती, बाबा जेलमधून सुटले त्या दिवशी दाढी वाढलेली, आणि तिने त्यांना दारातून ओळखलंच नाही ते. आणि त्याच वेळी बाई सांगत होत्या, कर्नलला गाडीत झोप लागली की तो कसा घोरायचा, आणि त्याला लाज वाटू नये म्हणून त्या इंजिन मुद्दाम मोठ्याने फिरवायच्या ते. एक मराठीत, एक इंग्रजीत, दोघी एकदमच बोलत होत्या, आणि मधूनमधून एकमेकींना "हो ना" म्हणावं तशा माना डोलावत होत्या.

मी चपला काढल्या आणि आत न जाता जिन्याच्या पायरीवर बसून ऐकत राहिले.